दोन जकाती आणि एक दार

जुन्नरकरांना नाणेघाट नवा नाही. शाळेची सहल एकदा तरी तिथे जातेच. पावसाळ्यात पाहुणे आले की त्यांना वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा दाखवायला तिकडेच न्यायचे, हेही ठरलेले. पण गाडीतून उतरून शंभर पावले चालायचे, फोटो काढायचे आणि परतायचे हे वेगळे, आणि खालून, कोकणाच्या बाजूने, तो घाट पायी चढून यायचा हे वेगळे. आमच्या घरातल्या बायकांपैकी कुणीच तो असा चढलेला नव्हता. गेल्या डिसेंबरात आम्ही चौघी चढलो. तिघी जावा आणि एक नणंद, जिला आम्ही सगळ्या आपा म्हणतो. बरोबर घरातल्या दोन मुली. आमच्यातल्या थोरल्या भाभी त्रेपन्न वर्षांच्या आहेत आणि त्यांच्या गुडघ्यांबद्दल त्या स्वतःच सांगतील, विचारायची गरज नाही.

हे लिहायचे कारण चढाई नव्हे. चढाई हजारो लोक करतात. वाटेवर थांबायला जागा असणे म्हणजे नेमके काय, आणि ती कुणासाठी असते, यावर घरी नंतर जो वाद झाला, तो इतर घरांपर्यंतही पोचावा असे वाटले.

आधी घाटाबद्दल. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल जुन्नरला येई तो या वाटेने. जुन्नरहून तो पुढे पैठणकडे जाई. आजही वैशाखऱ्याच्या बाजूने चढताना जागोजागी दगडी फरसबंदी आणि कोरलेल्या पायऱ्या लागतात. घाटमाथ्याच्या तोंडाशी एक चौकोनी लेणे आहे. त्यात मूर्तीबिर्ती पूजेला नाही. आत तिन्ही बाजूंनी बसायला दगडी ओटे आहेत आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख आहे. तो सातकर्णी राजाची राणी नागनिका हिचा. तिने केलेल्या यज्ञांत किती गाई, किती घोडे, किती नाणी दान दिली याचे आकडे त्यात आहेत. भारतातल्या जुन्यात जुन्या आकड्यांमध्ये त्यांची गणना होते. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. आता त्यांची फक्त पावले उरली आहेत आणि वर नावे. चार तास चालून आलेल्या बाईला ती पावले पाहून जे वाटते ते वाटतेच.

लेण्याच्या आसपास कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. जुन्या लेखांत अशा टाक्याला पोढी म्हणतात. जुन्नरच्या लेण्यांतल्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक माणसाने, दोन पोढ्या दान दिल्याची नोंद आहे. कुठला कोण परदेशी माणूस, आमच्या गावात पाण्याची दोन टाकी खोदवून गेला.

म्हणजे ओटे, छप्पर आणि पाणी. घाट चढून आलेल्या माणसाला लागते ते सगळे तिथे आहे. आणि थोडे पुढे तो प्रसिद्ध दगडी रांजण. व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकत असत असे सांगतात. प्रत्येक वाटाड्या, प्रत्येक शिक्षक हेच सांगतो, आणि प्रत्येक वेळी आमच्या घरातले एखादे मूल विचारते की जकात तर रमजानमध्ये काढतात ना, मग ती रांजणात कशी?

प्रश्न मुलाचा असला तरी चुकीचा नाही. शब्द एकच आहे. अरबीतून आलेला तो शब्द मराठीत नाक्यावरचा कर झाला आणि आपल्या घरांत मात्र मूळ अर्थानेच राहिला. एका जकातीत वाटसरू देतो आणि दुसऱ्या जकातीत वाटसरू घेतो. कुरआनमध्ये सूरह तौबात जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांतला शेवटचा इब्नुस्सबील, म्हणजे शब्दशः वाटेचा लेक. घरी तो कितीही खातापिता असो, वाटेत अडला की त्याचा हक्क लागू होतो. रांजणापाशी उभे राहून आपांनी हे मुलींना समजावून सांगितले तेव्हा एक ट्रेकर मुलगाही कान देऊन ऐकत होता.

पण हे सगळे माथ्यावर पोचल्यावर. त्याआधी वाटेत जे घडले त्यावरच खरे तर पुढचे सगळे उभे आहे.

सकाळी माळशेज उतरून वैशाखऱ्याला आम्हाला सोडले आणि जीप पुन्हा वर घाटघरला घेऊन गेले ते धाकटीचे यजमान, म्हणजे आमचे दीर आणि आपांचे भाऊ. साडेसातला चालायला लागलो. अडीच-तीन तासांची वाट, आम्हाला चार लागणार हे धरलेच होते. पहिला टप्पा जंगलातून, सावलीचा. मुली पुढे, भाभी मागे, मधली सगळ्यांच्या बाटल्या मोजत. अर्ध्या वाटेवर धाकटीची मुलगी, तेरा वर्षांची, अचानक मागे येऊन आईच्या कानात काहीतरी बोलली आणि रडायला लागली. पहिलीच वेळ होती तिची. घरात प्रत्येक मुलीच्या बाबतीत हे कधी ना कधी येते, आई-आजी जवळ असतात, दार लावता येते. इथे मागून पुण्या-मुंबईच्या पोरांचे दोन गट चढत होते आणि पुढून एक उतरत होता.

आम्ही करायचे ते केले. चार ओढण्यांचा आडोसा धरला, पाणी होते, भाभींच्या पिशवीत जुने सुती कापडही होते, कारण भाभींच्या पिशवीत सगळे असते. पोरे समजूतदार होती, खाली बघून निघून गेली. पण वर पोचेपर्यंत मुलगी एक शब्द बोलली नाही. माथ्यावर रविवारची गर्दी. लेण्यात माणसे, टाक्यांपाशी माणसे, रांजणापाशी रांग. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी वाटसरूसाठी इतका विचार केला, पण ती जागा चारी बाजूंनी उघडी. बैल हाकणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या पुरुषांना तेवढे पुरत असेल.

आता सह्याद्रीत पायी हिंडणारे किंवा सायकलवर फिरणारे लोक कुठे थांबतात ते पाहा. गडावर असाल तर गुहा. हरिश्चंद्रगडावर, रतनगडावर वर्षानुवर्षे लोक गुहांत रात्र काढत आले आहेत. गावात असाल तर देवळाचा सभामंडप किंवा शाळेचा व्हरांडा. सायकलवाल्यांना एसटीची पिकअप शेड. या शेडला आम्ही कमी लेखत नाही. उन्हापावसात तिच्यासारखी सोय नाही. फक्त तिच्यावर ज्यांच्या निधीतून ती झाली त्यांचे नाव इतके मोठे असते आणि आतला बाक इतका लहान, की एकदा हिशेब करून पाहावासा वाटतो. ते असो. पण या सगळ्या जागांत एक गोष्ट समान आहे. कुठेच दार नाही. वीस-बावीस वर्षांच्या मुलांना दाराची गरज वाटत नाही, म्हणून वाटाही त्यांच्याच होऊन जातात. मग आपण म्हणतो, आमच्या मुलींना डोंगराची आवडच नाही.

घाटघरला येताना रस्त्याच्या कडेच्या पहिल्या घरापाशी आम्ही जीप थांबवली. हा सगळा महादेव कोळ्यांचा भाग. पडवीत एक आजी नाचणी निवडत बसल्या होत्या. भाभी पुढे गेल्या. खरे सांगायचे तर मनात धाकधूक होती. सहा जणी, डोक्यावर ओढण्या, कोण कुठल्या, काय म्हणतील? भाभींना पूर्ण वाक्य बोलावेच लागले नाही. आजींनी मुलीच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिले, उठल्या, तिला हाताला धरून मागच्या न्हाणीकडे घेऊन गेल्या. न्हाणी म्हणजे तीन बाजूंनी कुडाची भिंत आणि चौथ्या बाजूला जुन्या लुगड्याचा पडदा. सुनेला हाक मारून गरम पाणी द्यायला सांगितले.

मुलगी आत गेल्यावर आजी बाहेर येऊन आमच्यासमोर उभ्या राहिल्या. हातात तांब्या होता, पण तो पुढे करेनात. मग हळूच म्हणाल्या, "बायांनो, आमच्या घरचं पाणी चालंल ना तुम्हांला?"

भाभी म्हणाल्या, "आजी, मी तेच विचारणार होते, आम्हांला मिळंल का म्हणून."

आजी खळखळून हसल्या. मग नाचणीची भाकरी आणि कुळथाचे पिठले झाले. मुलगी न्हाणीतून बाहेर आली ती बोलतच आली. जुहरची नमाज आम्ही त्यांच्या अंगणात पडली. दोन मुलांचे लग्न केलेल्या धाकट्या भावाप्रमाणे दीर अंगणाबाहेर जीपमध्ये बसून राहिले, त्यांना भाकरी तिथेच पोचली. मधलीने हिशेब केला की कसर होत नाही, अंतर भरत नाही, चार रकातच पडाव्या लागतील. भाभींचे गुडघे त्यावर काही बोलले असते तर बोलले असते.

घरी परतल्यावर वाद सुरू झाला तो पैशांवरून. आमचे सासरे, मरहूम अब्बा, एसटीत चालक होते. कल्याणच्या गाडीवर त्यांची बरीच वर्षे गेली, माळशेज त्यांना घरच्या जिन्यासारखा पाठ. ओझे घेतलेली बाई हात करताना दिसली की थांबा नसला तरी ते गाडी थांबवत. त्यांच्या नावाने ईसाले सवाब म्हणून घरच्यांनी साठ हजार रुपये बाजूला ठेवले होते. बाजारात एक पाण्याचा कूलर बसवायचा असे पुरुषमंडळींचे जवळजवळ ठरले होते. आपांनी विचारले, "त्या रस्त्यावर आधीच किती कूलर आहेत?" मोजले तर तीन निघाले. त्यांतला एक चालू होता.

आम्ही म्हणालो, हे पैसे वाटेवरच्या एका खोलीला द्या. दार असलेल्या खोलीला.

विरोध झाला. एक म्हणाले, डोंगरात मौज करायला जाणाऱ्यांसाठी सदका कशाला? इब्नुस्सबील म्हणजे गरजवंत मुसाफिर, पिकनिकवाला नव्हे. हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, त्यावर आम्हीही विचार केला. पण त्या वाटेने फक्त शहरातली पोरे चालत नाहीत. खालच्या गावांतल्या बाया अजूनही जळण आणि बाजाराचे ओझे घेऊन चढतात-उतरतात, आश्रमशाळेतल्या मुली सुट्टीत पायी घरी जातात. शिवाय मौजेला निघालेल्या मुलीलाही पाळी येतेच.

दुसऱ्यांनी विचारले, जकातीतून करता येईल का? मौलानांना विचारले. त्यांनी स्पष्ट सांगितले की हनफी फिकहप्रमाणे जकात ही कुणा हक्कदाराच्या मालकीची करून द्यावी लागते, इमारतीला लावता येत नाही. पण हा पैसा जकातीचा नाही, लिल्लाह आहे, तेव्हा खुशाल लावा. आणि त्यांनीच आठवण करून दिली की सराई बांधणे हे आपल्याकडे बादशहापासून बेगमांपर्यंत सगळ्यांनी केलेले पुण्याचे काम आहे. शेरशाह सूरीने आपल्या थोड्या वर्षांच्या राज्यात रस्त्यांवर दर दोन कोसांवर सराई बांधल्याचे अब्बास खान सरवानी लिहितो. तिथे हिंदूंची आणि मुसलमानांची राहण्याची सोय वेगवेगळी असे आणि दाराशी पाण्याचे रांजण भरलेले. इथेही रांजण आहेच, फक्त पाण्याचा. आपल्याकडे अजिंठा गावात आणि फर्दापूरला मोगली सराया अजून उभ्या आहेत. ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना आठवेल, चारी बाजूंना ओळीने खोल्या, मध्ये मोकळे आवार आणि रात्री बंद होणारा भलामोठा दरवाजा. बायकापोरांसह प्रवास करणाऱ्यांसाठी तो दरवाजाच सगळ्यात महत्त्वाचा असणार.

याच सुमारास आपांच्या मुलीचा फोन आला. ती न्यूझीलंडमध्ये नर्स आहे. तिला हे सगळे सांगितल्यावर ती म्हणाली, इथे या गोष्टीसाठी सरकारी खातेच आहे. तिथल्या निसर्ग-संरक्षण खात्याकडे डोंगरातल्या साडेनऊशेहून अधिक झोपड्या आहेत. हरणांची संख्या फार वाढली म्हणून सरकारने शिकारी नेमले होते, त्यांच्यासाठी यांतल्या पुष्कळ झोपड्या बांधल्या गेल्या, पुढे त्या चालणाऱ्यांना खुल्या झाल्या. साध्या झोपडीत लाकडी माच, त्यावर गाद्या, छपरावरचे पावसाचे पाणी साठवणारी टाकी आणि थोड्या अंतरावर खड्ड्याचे शौचालय, दार असलेले. बहुतेक साध्या झोपड्यांत आरक्षण नाही, जो आधी येईल त्याची जागा, आणि उशिरा येणाऱ्यासाठी सरकून जागा करायची. जाताना झाडून काढायचे, चुलीसाठी वाळले लाकूड ठेवायचे. आत एक वही असते, तिच्यात नाव आणि पुढे कुठे जाणार ते लिहायचे. कुणी हरवले तर शोधणारे आधी ती वही पाहतात.

सगळ्यांनी वाहवा केली. मग भाभींनी विचारले, "झोपायचं कुठं? बायकांची खोली वेगळी असते का?" तिकडून जरा थांबून उत्तर आले, "नाही मामी, सगळे एकाच माचावर." ती दोन मैत्रिणींना घेऊन जाते, भिंतीकडची जागा धरते आणि तिला त्यात काही अडचण आलेली नाही. आम्ही ते ऐकून घेतले. तिथले लोक तिथल्या रीतीने राहतात, त्यांच्या झोपड्या त्यांना शोभतात. पण ती छपराची टाकी आणि ती वही आम्हाला फार आवडली. छपराची टाकी म्हणजे आपली पोढीच की!

खोली कुठे बांधायची हे ठरवायला गेलो तेव्हा कळले की मनात येईल तिथे बांधता येत नाही. लेणे संरक्षित स्मारक, त्याच्यापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम नाहीच, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी घ्यावी लागते. कायदा आहे आणि तो योग्यच आहे, नाहीतर रांजणाला टेकून हॉटेल उभे राहिले असते. उतारावरचे जंगल वनखात्याचे. मग आम्ही पुन्हा आजींच्या अंगणात गेलो. त्यांच्या घराच्या कडेला गुरांची एक रिकामी पडवी होती, बैल विकल्यापासून. जमीन त्यांची, घर त्यांचे. आम्ही विचारले, ही बंदिस्त करून दिली तर वाटेवरच्या बायांना वापरू द्याल का? आजी म्हणाल्या, वापरू तर आत्ताही देतेच. मुलाने मात्र नीट विचारले. पाणी कोण भरणार, साफ कोण करणार, रात्री-अपरात्री कुणीही दार ठोठावेल त्याचे काय? हे प्रश्न विचारणारा माणूस भेटला याचे आम्हाला बरे वाटले. ज्या कामात कुणीच असे विचारत नाही, त्याचे काय होते ते बाजारातल्या दोन बंद कूलरांनी दाखवलेच आहे.

शेवटी ठरले ते असे. भिंती वीटकामाच्या, पत्रा नवा, आतून कडी असलेले लोखंडी दार. बाजूला शोषखड्ड्याचे शौचालय. पत्र्यावरून पन्हाळ काढून हजार लिटरची टाकी, उन्हाळ्यात घरची सून पाणी भरणार. वापरणाऱ्या बाईने वीस रुपये द्यायचे, ते सुनेचे, आमचा त्यात संबंध नाही. गावच्या बायांना आणि शाळेच्या मुलींना काही नाही. खोली संध्याकाळपर्यंत. रात्री राहायचे असेल तर बाईने घरात विचारायचे, आजी ठरवणार. आत एक बाक, एक आरसा, खुंटीला एक चटई, एक बादली आणि एका डब्यात लागणारे सामान. साठ हजारांत भागले नाही. वरचे अकरा हजार आम्ही चौघींनी आपापल्या शिलकीतून घातले, कुणाच्या नवऱ्याला न विचारता.

नावाच्या पाटीवरून पुन्हा घरात दोन दिवस गेले. अब्बांचे नाव घालावे असे दिरांचे म्हणणे होते. मुलानेच आपल्या बापाचे नाव मागावे यात वावगे काही नाही. पण आजींच्या घराच्या भिंतीवर आमच्या अब्बांचे नाव कसे लावायचे? पाटी लावली नाही. दारावर फक्त रंगाने लिहिले, बायांसाठी. त्याखाली धाकटीच्या मुलीने, तिला कुणी सांगितले नसताना, छोट्या अक्षरांत लिहिले की आत कडी आहे.

मे महिन्यात खोली सुरू झाली. आत वहीही ठेवली आहे. आतापर्यंत तिच्यात एकेचाळीस नावे आहेत. सायकलवरून आलेल्या नाशिकच्या दोघी आहेत, ठाण्याच्या एका शिक्षिका आहेत आणि बऱ्याच जणींनी नावाऐवजी नुसता अंगठा उमटवला आहे. चटई आम्ही नमाजसाठी म्हणून ठेवली होती. आजी तिच्यावर कुरडया वाळत घालतात, कुणी मागितली की झटकून देतात.

गेल्या आठवड्यात सुनेचा फोन आला होता. टाकीचा प्लास्टिकचा नळ माकडांनी ओढून तोडला, रात्रभरात सगळे पाणी वाहून गेले. भाभींनी पितळी नळ घेतला आहे. येत्या रविवारी त्या आणि धाकटी तो बसवायला जाणार आहेत, पाना दिरांचा.